दुसऱ्या बटणावरचं क्षितिज

४ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

वाकून नमस्कार मनातल्या मनात घातला आहे. प्रत्यक्ष वाकायला डॉक्टरांची परवानगी नाही.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण मागच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना? हळू बोललो तर तुला ऐकू येत नाही, आणि मोठ्यानं बोलायची आता मला बंदी आहे. तेव्हा पत्र बरं. पत्राला धाप लागत नाही.

झालं असं, की जिना चढताना छातीत भरून यायला लागलं, म्हणून ही मला दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी आतल्या नळ्यांचे फोटो काढले. तीन नळ्या तुंबल्यात. छाती उघडून दुरुस्ती करायची म्हणतात. मी विचारलं, "उघडल्याशिवाय नाही व्हायचं?" तर म्हणाले, "काका, बॉनेट न उघडता इंजिन दुरुस्त होताना पाहिलंय का कधी?" मी जन्मभर बस चालवली हे हिनं त्यांच्या कानावर घालून ठेवलेलं. माझ्याच हत्यारानं मला गार केलं. मी म्हटलं, तारीख कळवतो. ते म्हणाले, कळवा, पण वेळ काढू नका. दुरुस्ती होण्यासारखी आहे तोवर केली पाहिजे. तोपर्यंत वजन उचलू नका, भांडू नका, आणि मन रमेल असा एखादा छंद लावून घ्या.

वजन उचलत नाही. भांडायचं तर एकट्याला भांडता येत नाही, आणि ही साथच द्यायची बंद झाली आहे. मी काहीही बोललो की 'बरं' म्हणते. इतकं 'बरं' ऐकून धडधाकट माणूस आजारी पडेल.

राहिला छंद. तो मात्र मनापासून लावून घेतला आहे. डोंगरातल्या रस्त्यावरचं ते वळण मी तुला किती वेळा सांगितलं असेल, जिथं माझी बस पाणी प्यायला थांबायची आणि खाली तळं दिसायचं? त्या थांब्याचा देखावा मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर उभा करतो आहे. औषधांच्या खोक्यांची बस, काड्यापेटीच्या काड्यांचं बाक, भांडी घासायच्या काथ्याची झाडं. हिचा काथ्या रोज कमी होतो आहे आणि माझं जंगल वाढतं आहे.

पण एक अडचण आली आहे. देखाव्याच्या मागं आमची भिंत. बसमधून उतरलेला उतारू दरी बघायला वळला की समोर पंख्याचा रेग्युलेटर! मागं डोंगर पाहिजेत, तळं पाहिजे, आभाळ पाहिजे. तू फोटो स्टुडिओचे पडदे रंगवून अख्ख्या गावाला तळ्याकाठी उभं केलंस. मला एक आभाळ शिकव. आभाळ झालं की तारीख देतो असं हिला वचन दिलं आहे.

तुझा,
घरात सगळ्यांत उंच असूनही अजून
टिल्लू


११ फेब्रुवारी

टिल्लूबाळा,

आशीर्वाद भरपूर आहेत, पाकिटात मावले तेवढे पाठवते आहे.

तुझं पत्र वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. छातीचं काय ते डॉक्टर म्हणतील तसं करायचं, त्यात तुझी अक्कल चालवायची नाही. आभाळाचं मात्र मी म्हणेन तसं करायचं. मला कुणी रंगवायला शिकवलं नव्हतं. तुझे भावोजी फोटो काढायचे, मी मागचे पडदे बिघडवत बिघडवत शिकले. तेव्हा मी सांगते ते सगळं आधी चुकून पाहिलेलं आहे असं समज.

पहिली गोष्ट, टेबल भिंतीपासून पुढं ओढ. तू नको ओढू, मास्तरांना सांग. शेजारचे मास्तर पेपर फुकट वाचायला येतात, थोडं टेबल ओढलं तर झिजणार नाहीत. मग पातळ हार्डबोर्ड घे, आणि दोन्ही बाजूंना कोपरा न करता पुढं वाकवून घे, बाळाला कुशीत घेतात तसा. आभाळाला कोपरा दिसला की सगळं सोंग उघडं पडतं.

दुसरी, वरून खालपर्यंत एकच निळा फासू नकोस. डोक्यावर गडद, खाली उतरताना पांढरा मिसळत जा, आणि डोंगराला टेकताना जवळजवळ दुधाळ. डोंगर जितका लांबचा तितका फिका. काळ्या रंगाची बाटली वहिनीकडे देऊन टाक आणि मागितली तरी देऊ नको म्हणून सांग.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. क्षितिजाची रेघ बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या बरोबर पातळीवर हवी. माझ्या पहिल्या पडद्यावर ती चुकली होती. एका नवऱ्यामुलाला तळ्यासमोर उभा केला, तर तळ्याची कड बरोबर त्याच्या गळ्यातून गेली. फोटोत बिचारा मानेपर्यंत बुडालेला. त्याची सासू म्हणाली, लग्नाआधीच!

तळ्यात दोन राजहंस टाक. राजहंसांशिवाय तळं म्हणजे डबकं.

आठवड्याचं काम आहे. उरकून टाक आणि डॉक्टरांना तारीख दे.

तुझी आक्का


८ मार्च

प्रिय आक्का,

आठवड्याचं काम म्हणालीस. तू कुठल्या आठवड्याबद्दल बोलत होतीस?

पहिलं आभाळ असं झालं, की दवाखान्याच्या भिंती ज्या निळ्यानं रंगवतात तो निळा. बघितल्याबरोबर छातीत धडधडलं, पुसून टाकलं. दुसऱ्यात ढग घातले. ही म्हणाली, "फुलकोबी छान आलाय." पुसलं. तिसऱ्यांदा म्हटलं आपण संध्याकाळ करू, थोडा केशरी लावला. तेवढ्यात मास्तर पेपर वाचायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "डोंगरापलीकडं आग लागली आहे वाटतं. माणसं सुखरूप आहेत ना?" तेही पुसलं.

चौथं बरंच बरं होतं. लांबचे डोंगर तू म्हणालीस तसे फिके झाले, इतके, की हिला मी बोट लावून दाखवल्यावर दिसले. पण दिवा लावला तर थांब्याच्या शेडची सावली थेट आभाळावर! पत्र्याची चौकोनी सावली ढगात तरंगते आहे. असं आभाळ मी सगळ्या नोकरीत पाहिलं नाही.

दवाखान्यातून मध्ये फोन आला होता. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, ठरलं का?" मी म्हटलं, "अजून ओलं आहे." ती म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारून सांगते."

हंस घालणार नाही. त्या तळ्यावर फक्त म्हशी यायच्या.

आता मला हे सांग, ढग ब्रशनं करायचे की स्पंजानं? आणि सावलीचं काय करू? क्षितिजाची रेघ मात्र नीट मापून घेतली आहे. खुर्चीत ताठ बसलो की माझ्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणाशी येते.

तब्येत उत्तम. जिना चढणं सोडलं आहे. खाली काय पडलंय एवढं?

तुझा
टिल्लू


१५ मार्च

अरे टिल्लू,

तुझे डोळे शर्टाच्या दुसऱ्या बटणावर कधीपासून आले? मी तुला लहानपणी न्हाऊ घातलंय. तेव्हा तरी कपाळाच्या खालीच होते.

रेघ चुकली आहे. चांगली वीतभर खाली गेली आहे. आणि तू तर ड्रायव्हर, तू ते वळण बसच्या उंच सीटवरून पाहिलेलं. तुझं क्षितिज वर हवं. ही रेघ कुणा बुटक्या माणसाची आहे. पुसून नव्यानं घे. रेघ बदलली की डोंगरही नव्याने घ्यावे लागतील, त्याला इलाज नाही.

ढग स्पंजानं. स्पंज जवळजवळ कोरडा हवा, आणि टेकवून लगेच उचलायचा, झोपलेल्या पोराच्या गालाला हात लावतो तसा. सावलीसाठी दिवा समोरून काढून वर, शेडच्या डोक्यावर आण, आणि शेड आभाळापासून हातभर लांब सरकव.

आणि मला एक सुचलं. दुपारच्या आभाळापेक्षा सकाळचं जास्त खुलतं. एका बाजूनं किंचित पिवळसर, तळ्यावर पातळ धुकं. धुकं कसं करायचं ते सोबतच्या कागदावर चित्र काढून सांगितलं आहे. कागदाच्या मागं हंस काढून ठेवले आहेत, मनात आलं तर असावेत म्हणून.

काय सांगू, स्टुडिओ बंद झाल्यापासून मला कुणी रंगाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. परवा तुझ्यासाठी धुकं करून बघताना जेवायचं विसरले. सून म्हणाली, "आई, आज स्वारी खुशीत आहे!" तू आणखी काय अडेल ते विचारत जा. लगेच उत्तर देत जाईन.

आक्का


२ एप्रिल

वन्सं,

हे पत्र तुमच्या भावाला कळू न देता लिहिते आहे. ते बाहेरच्या खोलीत धुकं घालत आहेत. मी स्वयंपाकघरात कुकरसमोर उभी राहून लिहिते आहे, म्हणजे शिट्टी झाली की लिहिण्याचा आवाज ऐकू येणार नाही. लिहिण्याचा आवाज होत नाही हे मला माहीत आहे. पण मला सध्या सगळ्याचीच धास्ती वाटते.

तुम्ही मोठ्या, तुम्हाला मी काय सांगायचं. पण हात जोडते, आता त्यांना काही शिकवू नका. तुमचं पत्र आलं की दारातच वाचतात, मग आत येऊन आभाळ पुसतात. सकाळ करा म्हणालात, तर दुपार पुसली. डोंगर झाले, की तळं बिघडतं. तळं जमलं, की ढग आवडत नाहीत. काल मला ते आभाळ इतकं सुरेख वाटलं, की मी म्हटलं, "झालं की हो! आता करू या ना फोन?" तर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "डावीकडं जरा हिरवट मारतंय." आणि ओला बोळा फिरवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "रडू नको, डावीकडचंच पुसलंय."

दवाखान्यातली मुलगी आता मलाच फोन करते. डॉक्टर म्हणतात, उशीर बरा नाही. ते तुम्हाला 'जिना सोडला' म्हणून लिहितात, पण खोलीतून खोलीत जाताना दाराची चौकट धरून उभे राहतात आणि मी बघितलं की चौकटीचा रंग कुठं उडालाय ते तपासतात.

घराची दशा तर विचारूच नका. निळा रंग कणकेच्या डब्याला आहे, मास्तरांच्या पेपरला आहे, परवा माझ्या कानामागं निघाला.

दर थोड्या वेळानं मला हाक येते, "अगं, बस इथं, सांग." माझं भाजी निवडायचं बसकं स्टूल त्यांनी टेबलासमोर कायमचं नेऊन ठेवलं आहे. मी बसते आणि खरं सांगू का वन्सं, तिथून ते एकदम खरं दिसतं. अंगावर गार वारा येईल असं. उभी राहिले की मात्र सगळं कलंडल्यासारखं वाटतं. त्यांना त्यांच्या खुर्चीतून कसं दिसतं कोण जाणे, ते मान वाकडी करकरून बघतात. मी म्हटलं, "तुम्हाला नीट दिसत नसेल तर रेघ वर घ्या, वन्संनी लिहिलंय ना." तर म्हणाले, "तुला दिसतंय ना? मग झालं."

तुम्हाला माहीतच आहे, ड्रायव्हरची बायको असून मला बस सोसत नाही. लग्नानंतर ते रजा काढून हौसेनं मला ते वळण दाखवायला निघाले होते. दुसऱ्या चढावरच माझी अवस्था अशी झाली, की कंडक्टरनं सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पुढच्या स्टॉपवर आम्ही दोघं उतरून परत आलो. ते वळण मी कधी पाहिलं नाही. आता बसल्या जागी बघते. बरं आहे, मळमळत नाही.

एक चांगलं झालंय. हल्ली त्यांना नीटनेटकेपणा सुचतो. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, पाण्याचा नळ कुठून बंद करायचा, देखाव्यातला दिवा गेला तर कसा बदलायचा, सगळं मला समजावून सांगतात. परवा स्वतः बाजूला उभं राहून माझ्याकडून दिवा बदलून घेतला. एवढी वर्षं मागं लागले तेव्हा कधी सांगितलं नाही.

कुकर झाला. थांबते. त्यांना यातलं काही लिहू नका. लिहा, पण माझं नाव घेऊ नका.

तुमची वहिनी


९ एप्रिल

टिल्लू,

ब्रश पाण्यात बुडव आणि मग पुढं वाच.

बुडवलास? आता बस.

मला वाटत होतं मी तुला आभाळ शिकवते आहे. मी तुला दर पत्रात एक नवी सबब पुरवत होते. सकाळ काय, धुकं काय! म्हातारपणी विद्यार्थी मिळाला म्हणून मीच हुरळून गेले. तू आभाळ पूर्ण करत नाहीयेस. पूर्ण झालं तर तारीख द्यावी लागेल, म्हणून पुसतो आहेस. ओल्या बोळ्यानं आभाळ पुसता येतं, टिल्लू, छातीतल्या नळ्या नाही.

आणि त्या दुसऱ्या बटणाचं कोडंही मला उलगडलं. कसं उलगडलं ते विचारू नकोस आणि घरात कुणाला विचारायचीही गरज नाही. मी बुटक्या माणसाची रेघ म्हणाले होते ना? ते बुटकं माणूस तुझ्या स्वयंपाकघरात आहे. तू रेघ वहिनीच्या डोळ्यांना मापून घेतलीस, ती बसक्या स्टुलावर बसली असताना. आणि तिला दिवा बदलायला शिकवलंस. म्हणजे तू नसलास तरी तिनं तिथं बसावं, दिवा लावावा, आणि जे वळण तू तिला दाखवू शकला नाहीस ते बघत राहावं. हाच बेत ना?

मला तुझा राग आला, आणि मग उठून मी गॅलरीत गेले आणि तिथं उभी राहून रडले. सून म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "कांदा." गॅलरीत कांदा!

तू घाबरला आहेस. घाबर. मी तुझी थोरली बहीण आहे, तुझी भीती मला नवीन नाही. पण घाबरून आभाळाआड लपू नकोस.

आता हुकूम ऐक. आभाळाला हात लावायचा नाही. रेघ आहे तिथंच राहू दे, ती बरोबर आहे. चूक तुझ्या खुर्चीची आहे. करवत घे आणि तुझ्या खुर्चीचे पाय वीतभर काप, म्हणजे तू आणि ती एका पातळीवर याल आणि दोघांना एकच तळं दिसेल. दुसरं बसकं आसन शोधायच्या भानगडीत पडू नकोस, मला तुझीच खुर्ची कापलेली पाहिजे. आभाळ हजारदा पुसता येतं. कापलेली खुर्ची पुन्हा उंच होत नाही. एकदा ती कापलीस, की तिच्यात बसायला तुला परत यावंच लागेल, कारण तुझ्या घरात आणखी कुणाला त्या खुर्चीचा काडीचा उपयोग नाही.

आक्का


२० एप्रिल

प्रिय आक्का,

तुझं पत्र मी दारात वाचलं नाही. आत येऊन, खुर्चीत बसून वाचलं. मग घडी घातली, मग पुन्हा उघडलं. ही म्हणाली, "काय लिहिलंय वन्संनी? पुसायचं का?" मी म्हटलं, "नाही. करवत आण."

ती घाबरली. तिला वाटलं मी आता सगळा डोंगरच कापतो.

करवत मला चालवायची नाही, म्हणून मी खूण केली आणि हिनं कापलं. पहिला पाय झकास निघाला. दुसरा किंचित जास्त गेला. बसून पाहिलं तर खुर्ची डुगडुगते. मग पहिला थोडा काढला, तर तिसरा लांब वाटायला लागला. तिसरा कापला तर चौथा रुसला. ही घामाघूम, मी सूचना देतोय, "पुढचा डावा! पुढचा डावा म्हणजे माझा डावा!" आणि ती म्हणाली, "तुमचा डावा मला उजवा दिसतो, नीट सांगा नाहीतर गप्प बसा!" आक्का, 'बरं' नाही म्हणाली! किती दिवसांनी माझ्यावर ओरडली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मास्तर पेपर वाचायला आले आणि आम्हा दोघांना भुशात बसलेलं बघून दारातूनच परत गेले.

शेवटी खुर्ची टेकली. तू वीतभर म्हणालीस, पण वीत ओलांडून बरंच खाली गेलं. गुडघे कानाशी येतात. पण बसलो. ही शेजारी स्टुलावर बसली. मान वाकडी न करता समोर पाहिलं, आणि तळ्याची कड बरोबर डोळ्यांसमोर आली. ही रेघ मी इतके दिवस हिला विचारून विचारून काढली होती, स्वतः कधी पाहिलीच नव्हती. त्या वळणावर मी कायम ड्रायव्हरच्या सीटवर. आरशात मागचं बघायचं, समोर चढ बघायचा, तळं फक्त डोळ्याच्या कोपऱ्यात. उतारू बाकावर बसून जे बघायचे, ते मी परवा पहिल्यांदा पाहिलं.

मग मी हिला सगळं सांगितलं. तू ओळखलंस ते खरं आहे. पण मरणाची भीती म्हणशील तर ती थोडी. खरी भीती वेगळीच आहे, ती सांगायची लाज वाटत होती. मी दुसऱ्याच्या गाडीत कधी निवांत बसलो नाही, आक्का. बसलो तरी माझा पाय खाली ब्रेक शोधतो. आणि हे लोक मला भूल देणार, मी डोळे मिटून आडवा, आणि गाडी कुणी तिसराच चालवणार. घाट चालू आहे की संपला हे मला कळणारसुद्धा नाही.

ही सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांत डोळे मिटून बसले. ओकले, घामानं भिजले, जीव नको झाला. पण प्रत्येक वेळी पोचले ना?"

मग उठली, पदर झटकला, भुसा सगळा माझ्यावर उडाला, आणि फोन माझ्या हातात दिला. त्या गोड आवाजाच्या मुलीनं विचारलं, "काका, वाळलं का?" मी म्हटलं, "वाळलं. तारीख द्या."

पुढच्या सोमवारची मिळाली आहे. डॉक्टरांना भेटून आलो. त्यांना विचारलं, तुम्ही आदल्या दिवशी नीट झोपता ना? हसले. म्हणाले, "काका, पूर्ण झोप घेऊन येतो. आणि दारू पीत नाही, मोबाइल बघत नाही, ओव्हरटेक करत नाही." म्हटलं, मग बसतो तुमच्या गाडीत.

गुडघ्यांवर वही ठेवून लिहितो आहे. अक्षर सांभाळून घे.

तुझा
टिल्लू


२९ एप्रिल

वन्सं,

दवाखान्याच्या बाकावर बसून घाईत दोनच ओळी. सगळं पार पडलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं न बघता बुटांकडंच बघत होते, मग त्यांनीच वाकून सांगितलं, नळ्या छान बसल्या.

आज शुद्धीवर आले. डोळे उघडून पहिल्यांदा डॉक्टरांना शोधलं आणि खोल आवाजात म्हणाले, "गाडी बरी चालवलीत. ब्रेक जरा जोरात मारलात, छातीला लागलाय." नर्सबाईंनी हसू दाबायला तोंड फिरवलं. मला मात्र दाबता आलं नाही. हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता मळमळायला लागलं, बस नसताना.

मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं हे त्यांना समजलंय. म्हणाले, "कुकरच्या शिट्ट्या त्या दिवशी फार झाल्या होत्या."

तुमची वहिनी


३ जून

प्रिय आक्का,

मी घरी आहे, ठणठणीत आहे, आणि अडकलो आहे.

सविस्तर लिहायला आज वेळच वेळ आहे, ऐक. छातीचं हाड सांधेपर्यंत हातांवर जोर द्यायचा नाही असा डॉक्टरांचा दंडक. खुर्चीतून उठतानाही हात टेकायचे नाहीत, नुसत्या पायांवर उठायचं. सरळ खुर्चीतून मी उठतो. पण तू जी खुर्ची कापायला लावलीस, ती आता जमिनीच्या इतकी जवळ आहे, की तिच्यात बसणं म्हणजे नुसतं खाली पडणं आणि उठणं म्हणजे क्रेनचं काम. इतके दिवस ही मला तिच्यात बसू देत नव्हती. आज ती बाजारात गेली तेवढ्यात मला राहवलं नाही. बसलो. बसलो ते बसलोच.

वही आणि पेन टेबलावर हाताशी होतं म्हणून पत्र.

आभाळ आहे तसंच आहे. डावीकडं हिरवट मारतं. ते खरंच मारतं, आक्का, मी उगाच म्हणत नव्हतो. एका ढगाला स्पंज जास्त लागलाय. धुकं एका ठिकाणी धुरासारखं झालंय. बघत बसलो आहे, आणि हात बोळ्याकडं जात नाही. जाऊनही उपयोग नाही म्हणा, बोळा उंचावर ठेवला आहे.

थांब, दार वाजलं. ही आली.

पुढचं आता तासाभरानं लिहितो आहे. ही आत आली, पिशवी ठेवली, मला बघून कपाळाला हात लावला. "किती वेळचे?" म्हणाली. मी म्हटलं, "बाजारात गर्दी होती का?" ती म्हणाली, "विषय बदलू नका." मग मला उठवायला पुढं आली, समोर बघितलं, आणि थांबली. म्हणाली, "जरा थांबा. मीही एक मिनिट बसते. पाय भरून आलेत." आणि आपल्या स्टुलावर बसली.

आता झालंय असं, की ती पूर्वी स्टुलावरून उठायची ती माझ्या खांद्याला धरून, आणि माझ्या खांद्याला हात लावायची आता बंदी आहे. टेबलाला धरून उठायचं तर अख्खा घाट खाली येईल आणि बस दरीत. तिनं दोनदा प्रयत्न केला, गुडघा नाही म्हणाला. मी म्हटलं, "मी उठून तुला हात देतो." ती म्हणाली, "आधी तुम्ही उठा तर खरे." मग दोघांनाही इतकं हसू आलं, की मला छाती धरावी लागली आणि तिनं "हसू नका, टाके आहेत!" म्हणून दम दिला, तोही हसतच.

मास्तर पेपर वाचायला आले की उठवतील. आज त्यांना उशीर झालेला दिसतो. पिशवीतली भाजी दाराशीच आहे. ही म्हणते आहे, पाणी कुठल्या बाजूनं तळ्यात येतं ते सांगा. सांगतो आहे. काही घाई नाही.

तुझा
टिल्लू